मुकी झालेली दुनळी

बारीकरावांना पहिल्यांदा भेटणारा माणूस हसू दाबतो. दारातून आधी त्यांचं पोट आत येतं आणि मग मागाहून बारीकराव येतात. पण नाव पडलं ते अंगावरून नव्हे, बंदुकांवरून. नेमबाजीच्या मैदानावर बाकीचे सगळे बारा बोअरच्या दणकट बंदुका घेऊन यायचे आणि हा एवढा दांडगा गडी छत्रीच्या दांड्यासारखी नाजूक दुनळी घेऊन उभा राहायचा. कुणीतरी म्हणालं, "अरे बारीक, ती बंदूक आहे की दातकोरणं?" झालं. तेव्हापासून बारीक, आणि केस पांढरे झाल्यावर बारीकराव.

बोअरचा हिशेब उलटा असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. अठ्ठावीस केल्या तर गोळी लहान, म्हणून नळीही लहान. आकडा चढला की बंदूक उतरते. बारीकराव हे कुणालाही, न विचारता, कुठेही समजावून सांगायचे. एकदा लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईंना त्यांनी वरच्या फटीतून हे सगळं सांगितलं होतं. त्या बाईंनी नंतर तक्रार केली ती लिफ्टची नाही, माहितीची.

कारण बारीकराव पोटापाण्याला लिफ्ट दुरुस्त करायचे. बंद दाराला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "वरची कप्पी. तेल नाही, बेअरिंग गेलंय." आणि वर जाऊन बघावं तर तेच निघायचं. सगळी हयात त्यांनी कानावर काढली होती. हल्ली ते म्हणायचे, नव्या लिफ्टमध्ये मजा राहिली नाही, फार शांत चालतात.

घरी झोपायच्या खोलीत भिंतीला बोल्ट ठोकून बसवलेलं पोलादी कपाट होतं. त्यात चार दुनळ्या. दोन वीस बोअरच्या, एक त्याहून बारीक चारशेदहाची, तिचा आकडा तेवढा बोअरचा नाही, इंचाच्या हजारांशाचा, आणि सगळ्यांत लाडकी ती अठ्ठावीसची. चारही त्यांच्या आजोबांच्या वयाच्या. जुन्या कारागिरांनी कानस मारून घडवलेल्या. शिकारीचं त्यांना वावडं होतं. यंत्रातून भिरभिरत सुटणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या, एवढंच. काडतुसंही ते स्वतः भरायचे, म्हाताऱ्या नळ्यांना सोसतील अशी हलकी.

"चार सवती आहेत घरात," त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची, "आणि चौघींना मिळून माझ्यापेक्षा जास्त तेल लागतं."

मैदानावर बारीकरावांचा मान होता तो मात्र नेमापेक्षा त्यांच्या कानामुळे. जुनी दुनळी घ्यायची तर एक परीक्षा असते. दोन नळ्या सुट्या करायच्या, पोटाखालच्या कडीला दोरी बांधून टांगायच्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. दोन नळ्या एकमेकींना, आणि त्यांच्या मधल्या लांब पट्ट्या दोघींना, डाखाने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, जोडलेल्या असतात. डाख शाबूत असेल तर नळ्या देवळातल्या घंटेसारख्या वाजतात, आणि वाजतच राहतात. डाख कुठे सुटला असेल तर आवाज एक तर मेलेला येतो, नाहीतर त्यात फुटक्या भांड्याची बारीक झणझण मिसळलेली असते. माणसं लांबून बंदुका घेऊन यायची. बारीकराव त्या कपाटाच्या मुठीला बुटाच्या नाडीने टांगायचे, टिचकी मारायचे, डोळे मिटायचे. त्यांनी मान हलवली की सौदा पक्का.

मैदानावर बाकीचे कानांवर ते मोठे टोपणासारखे हेडफोन चढवायचे. बारीकराव नाही. "कान झाकल्यावर बंदूक काय बोलते ते कसं कळणार?" असं म्हणून ते उघड्या कानांनी बार काढायचे. वर्षानुवर्षं.

आता त्या रविवारची गोष्ट.

दुपार व्हायच्या आत मैदानावर जमायचं ठरलं होतं. त्यांचा जुना जोडीदार, चष्म्याचं दुकान असलेला, सगळे त्याला चष्मेवालेच म्हणत, तो त्याची नवी, म्हणजे जुनीच पण त्याला नवी, वीस बोअरची दुनळी पहिल्यांदा चालवणार होता. पावसाळ्याआधी बारीकरावांनीच ती वाजवून पसंत केली होती. चष्मेवाल्याचे हात लांब, म्हणून खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता वाढवायला ती बंदूक-मिस्त्रीकडे पडून होती. आज मुहूर्त होता. म्हणून बारीकरावांनीही आपली अठ्ठावीस काढली. ती ते क्वचितच काढत. नळ्या सुट्या केल्या, नाडीने टांगल्या, सवयीने टिचकी मारली.

टक्.

त्यांनी पुन्हा मारली. टक्. लाकडावर मारल्यासारखं. पुढे काहीच नाही.

बारीकराव पलंगावर बसले. पलंगाने कुरकुर केली असावी. मग उठून त्यांनी वीसच्या नळ्या टांगल्या. त्या वाजल्या. जरा खर्जात, पण नीट. पुन्हा अठ्ठावीस टांगली. टक्. म्हणजे गडबड हातात नाही, दोरीत नाही. नळ्याच गेल्या. शंभर वर्षं वाजलेल्या नळ्या त्यांच्या कपाटात, त्यांच्या कुलपात मेल्या होत्या.

गेल्या वेळी ही बंदूक पुसून आत कुणी ठेवली होती? लेकीने.

लेक वरच्या मजल्यावर राहायची. दातांच्या लॅबमध्ये खोटे दात घडवायची, बोटं सुईसारखी. घरात बारीकरावांच्या या वेडाला साथ कुणाची असेल तर तिचीच. ती खाली आली ती चहाचा कप हातात घेऊन, केस विस्कटलेले.

"काय बाबा, सकाळी सकाळी हाका मारतोयस?"

"ही पाडलीस तू?"

"काय पाडली?"

"अठ्ठावीस. गेल्या खेपेला तूच पुसलीस. सांग, पडली ना हातातून? कशावर पडली?"

"बाबा, मी नाही पाडली. काही झालंय का तिला?"

"काही झालंय का म्हणे! मेली ती. ऐक." त्यांनी टिचकी मारली. "ऐकलंस?"

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. "वाजतेय की छान."

इथे बारीकरावांचा तोल गेला. पाडली ते पाडली, वर तोंडावर खोटं बोलतेय असं त्यांना वाटलं. ते काय काय बोलले ते नंतर त्यांनाही नीट आठवेना. एवढं आठवलं की "तुझ्या हातात देऊन चूक केली" हे ते दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा जास्त मोठ्याने. लेकीने कप टेबलावर ठेवला. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे ना," ती म्हणाली, "ती ठेवून जाते. मग तरी खात्री राहील तुझी."

किल्ली कपाशेजारी ठेवून ती वर निघून गेली. दरवाजा आपटल्याचा आवाज बारीकरावांना बरोबर ऐकू आला.

"अहो, ती खोटं बोलत नाही कधी," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. बारीकरावांनी उत्तर दिलं नाही. बायकोने तेच आणखी एकदा, पदराला हात पुसत खोलीत येऊन सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग बंदूक खोटं बोलते का?"

नळ्या जाड कापडात गुंडाळून ते बंदूक-मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब बाक, खेकड्यासारखा चिमटा, भिंतीवर कानशी ओळीने, आणि सगळीकडे तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. रविवार असला तरी मिस्त्री बनियनवर बसून बंदुकीचा एक घोडा घासत होता.

"मिस्त्री, घात झाला. डाख सुटलाय. लेकीने पाडली."

"बापरे." मिस्त्रीने हात पुसले. बारीकरावांच्या अठ्ठावीसबद्दल त्यालाही माया होती. त्याने नळ्या छताच्या हुकाला टांगल्या आणि टिचकी मारली.

टक्, असं बारीकरावांना ऐकू आलं.

आतल्या खोलीतून मिस्त्रीची बायको ओरडली, "अहो, दारावरची घंटा वाजतेय, कोण आलंय बघा!"

मिस्त्री हसला. "कुणी नाही गं, बंदूक आहे." आणि तो बारीकरावांकडे वळला. "उगाच घाबरवलंस लेका. ही तर काचेसारखी वाजतेय. अजून वाजतेय बघ. अजून..."

 बारीकरावांचा चेहरा त्याने पाहिला होता.

"तुला ऐकू येत नाहीये?"

"परत मार."

मिस्त्रीने मारली. बारीकरावांनी उजवा कान पुढे केला. फार लांब कुणीतरी सुई टाकावी तसं काहीतरी होतं, की नव्हतं. डावा कान पुढे केला. काहीच नाही. मिस्त्री पेराने, लाकडी मुठीने, पेन्सिलीने वाजवत राहिला, आणि प्रत्येक वेळी त्याचे डोळे त्या आवाजाच्या मागे मागे जात होते. बारीकरावांना ते डोळेच फक्त दिसत होते. भिंतीपलीकडच्या बाईला ऐकू आलेला आवाज हातभर अंतरावरच्या त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

 त्यांनी बाकाची कड धरली.

"पण वीस वाजते रे मला," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले; आपण मोठ्याने बोलतो हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

"वाजणारच. वीसच्या नळ्या जाड, स्वर खालचा. अठ्ठावीसचा बराच वरचा. बारीक, कान जातो तो वरून खाली जातो. माझा सासरा असाच. आधी पाखरं गेली, मग नातवंडं गेली, शेवटी फक्त सासू ऐकू यायची." मिस्त्रीने वाजणाऱ्या नळ्या हाताने धरल्या. "उघड्या कानांनी इतकी वर्षं बार काढलेस. बंदूक उजव्या खांद्याला, म्हणजे तुझा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. तो आधी जातो."

नळ्या धडधाकट होत्या. लेकीने काही पाडलं नव्हतं. तिला खरंच छान वाजताना ऐकू आलं होतं. बारीकरावांच्या डोळ्यांसमोर तो चहाचा कप आणि शेजारची किल्ली आली.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. मिस्त्री नळ्या कापडात गुंडाळत होता, तेवढ्यात त्यांना पावसाळ्याआधीचा तो दिवस आठवला. चष्मेवाल्याची वीस बोअर कपाटाच्या मुठीला टांगलेली. त्यांनी डोळे मिटलेले. छान खर्जातला नाद. आणि शेजारी उभी असलेली लेक म्हणतेय, "बाबा, आत काहीतरी बारीक झणझणतंय."

ते तेव्हा हसले होते. चष्मेवाल्यासमोर म्हणाले होते, "हिचे कान अजून कोवळे आहेत."

झणझण बारीक असते. वरच्या स्वरातली.

"मिस्त्री, चष्मेवाल्याची बंदूक कुठाय?"

"ती तर मघाशी घेऊन गेला तो. दस्ता फक्कड जमलाय. आज पहिला बार काढणार म्हणाला."

"तू नळ्या वाजवून बघितल्यास ना?"

मिस्त्रीने नवल वाटून त्यांच्याकडे बघितलं. "तू वाजवलीस म्हटल्यावर मी कशाला वाजवू?"

बारीकरावांनी फोन लावला. नुसती घंटी जात राहिली. मैदानाचा नियमच होता, फोन गाडीत ठेवायचा. अठ्ठावीसच्या नळ्या मिस्त्रीच्या बाकावर तशाच टाकून ते धावले. बारीकराव धावताना याआधी कुणी पाहिले असतील तर ते लहानपणी. गाडी त्यांनी कशी चालवली, सिग्नल कुठे लाल होते, काही विचारू नका.

मैदान म्हणजे एक जुनी, बंद पडलेली दगडाची खाण. वरच्या कडेला गाड्या लावायच्या आणि खडीच्या पायवाटेने खाली उतरायचं. वरून त्यांना सगळं दिसलं. खाली पाचसहा जण, आणि पुढे एकटा, लांब हातांचा चष्मेवाला, नवा दस्ता खांद्याला टेकवून बघतोय, काढतोय, परत टेकवतोय. नव्या बुटांत चालून बघतात तसा.

"थांब! अरे थांब! टाकू नकोस बार!"

बारीकरावांचा आवाज खाणीच्या भिंतींवर आपटून परत आला. खाली कुणी मान वर केली नाही. सगळ्यांच्या कानांवर ती टोपणं होती. बारीकरावांनी ज्यांची आयुष्यभर टिंगल केली त्यांनी आज त्यांचं एक अक्षरही खाली पोचू दिलं नाही. ते हात हलवत, घसरत, खडी उडवत उतरू लागले. चष्मेवाल्याने तबकडी मागितली. केशरी तबकडी भिरभिरत निघाली.

बार झाला.

तबकडी फुटली. आणि त्याच वेळी चष्मेवाल्याच्या डाव्या हातात नळ्यांखालचं लाकूड सुटून आलं. ते लाकूड ज्या कडीत अडकतं ती कडी नळ्यांच्या पोटाला डाखानेच चिकटवलेली असते. ती उपटली होती. दोन नळ्यांमधली वरची पट्टी मधूनच सुटून धनुष्यासारखी वर आली होती. चष्मेवाला हातातल्या लाकडाकडे बावळटासारखा बघत राहिला. मग सवयीने त्याने बंदूक उघडायला वरची कळ दाबली. धरून ठेवणारं लाकूडच नव्हतं, त्यामुळे नळ्या निखळल्या आणि खडीवर आदळल्या. दुसऱ्या नळीत न उडालेलं काडतूस होतं. ते बाहेर पडलं, गडगडत आलं, आणि बारीकरावांच्या बुटाला लागून थांबलं.

कुणीही हललं नाही. खाणीत फक्त तबकड्यांचं यंत्र घरघरत होतं. कुणाला ते बंद करायचं सुचलं नाही.

चष्मेवाल्याच्या अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त येत होतं. त्याने हळूच कानांवरची टोपणं उतरवली. "बारीक," तो म्हणाला, "हे काय झालं?"

बारीकरावांना धाप लागली होती. त्यांनी आधी वाकून ते जिवंत काडतूस उचललं आणि खिशात घातलं. मग म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

"हे काय झालं, असं विचारतोय!" चष्मेवाला ओरडला.

"ते ऐकू आलं. मला नळ्या ऐकू येत नाहीत. तुझ्या नळ्यांत झणझण होती, मला ती ऐकूच आली नाही. माझी लेक सांगत होती. मी तिला हसलो."

चष्मेवाला खडीवरच खाली बसला. कुणीतरी त्याच्या अंगठ्याला रुमाल बांधला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुटलेल्या पट्टीवरून तो बोट फिरवत होता आणि मधेच ते बोट आपल्या डोळ्याजवळ नेत होता, अंतर मोजल्यासारखं.

"तू मान हलवलीस म्हणून घेतली रे मी," तो म्हणाला. बराच वेळ तो एवढंच म्हणत होता. बारीकरावांना शिव्या चालल्या असत्या.

आजवर बारीकरावांनी मान हलवलेल्या बंदुका तिथल्या आणखी तिघांकडे होत्या. त्या तिघांनी आपापल्या बंदुका उघडल्या, काडतुसं काढली आणि बंदुका पिशवीत घातल्या. एकाने चेन ओढताना बारीकरावांची नजर टाळली. चेनचा आवाज झाला असणार.

शेवटी चष्मेवालाच उठला. त्याने मोडक्या बंदुकीचे तुकडे गोळा केले. "माझ्या दुकानात ये म्हणालो असतो," तो म्हणाला, "पण मी डोळ्यांचं बघतो. शेजारी कानांचं दुकान आहे. उद्या सकाळी मी तुला तिथे नेणार. आणि तू येणार आहेस."

"येतो."

"आणि लेकीची माफी माग आधी. तिचे कान कोवळे म्हणे!"

घरी बायको दारातच उभी होती. मिस्त्रीच्या बायकोचा फोन तिला आला होता. ती काही बोलणार होती, पण नवऱ्याचा अवतार बघून तिने आधी पाणी दिलं.

"कधीपासून झालं असेल गं हे?" बारीकरावांनी विचारलं.

"टीव्हीचा आवाज वाढतोय त्याला दोन वर्षं होतील. मी मागून हाक मारली की तुम्ही वळत नाही, त्यालाही तेवढीच."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, लग्नाला एवढी वर्षं झाली की नवरे असेच होतात," ती म्हणाली. हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले.

बारीकराव जिना चढून वर गेले. ओठ बघता यावेत म्हणून लेकीच्या चेहऱ्यासमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. मिस्त्रीकडचं, खाणीतलं, काडतूस बुटाला लागलं तेही. ती ऐकत होती. हातातला मेणाचा दात तिने खाली ठेवला नाही.

"तू पाडली नव्हतीस."

"ते मी सकाळीच सांगितलं होतं."

"हो."

"आणि पावसाळ्याआधीही सांगितलं होतं."

"हो."

"चष्मेवाले काकांचा डोळा गेला असता, बाबा."

 बारीकरावांनी तिने सकाळी ठेवलेली किल्ली खिशातून काढून तिच्या टेबलावर ठेवली. तिने ती उचलली नाही, पण परतही दिली नाही.

"त्या तिघांच्या बंदुका परत बघायला हव्यात," ती म्हणाली. "आणि आपल्याही."

"मला नाही येणार."

"मला येईल ना."

मिस्त्रीकडून तिनेच अठ्ठावीसच्या नळ्या आणल्या. कपाटाच्या मुठीला बुटाच्या नाडीने टांगल्या. बारीकराव पलंगाच्या कडेला बसले, दोन्ही हात मांड्यांवर, परीक्षेला बसल्यासारखे. बायको दारात.

लेकीने टिचकी मारली.

टक्.

"वाजतेय," ती म्हणाली.

"किती वेळ? मला कसं कळणार?"

लेकीने क्षणभर विचार केला आणि उजवा हात वर केला, शाळेत हजेरी देतात तसा. तो तसाच वर राहिला. खोलीत काही हलत नव्हतं. दारातली बायकोही मान तिरकी करून ऐकत होती, त्या दोघींचे डोळे एकाच जागी खिळले होते, आणि बारीकराव श्वास धरून त्या हाताकडे बघत होते. हात बराच वेळ वर होता. त्यांना वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ. मग अगदी सावकाश, शेवटी शेवटी जरा अडखळत, तो खाली आला.

"संपली," लेक म्हणाली.

"परत मार," बारीकराव म्हणाले.